सशांचा पिंजरा अंगणात ठेवायचाय? लाकडाचं नंतर, आधी ऊन कुठून येतं ते बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कराडजवळ घर, मागे अंगण, मुलीच्या हट्टापायी आणलेले दोन ससे आता चार महिन्यांचे झालेत आणि गॅलरीतल्या खोक्यात मावत नाहीत. सुताराने ४ बाय २ फुटांचा पिंजरा सांगितलाय, वर पत्रा, तळाला जाळी, आणि तुम्ही विचारताय लाकूड कुठलं घेऊ. लाकडाचं सांगतो, पण शेवटी सांगतो, कारण साग घेतला काय नि पाइनवुड घेतलं काय, वर नुसता पत्रा टाकून तो पिंजरा उन्हात ठेवला तर एप्रिलमध्ये काही शिल्लक राहणार नाही.

मी स्वतः ससे पाळतो, आणि वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप असल्यामुळे लोकांना पिंजरे पण बनवून देतो, जास्त करून सातारा-सांगली भागात, थोडे चिपळूण साइडला. लोक मोबाइलवर फोटो दाखवतात, हिरव्या लॉनवर छान लाकडी घर, उतरतं छप्पर, छोटा दरवाजा, आणि म्हणतात सेम असंच पाहिजे. ते फोटो बहुतेक इंग्लंड नाहीतर युरोपातले असतात. तिकडे बर्फ पडतो, गार वारं सुटतं, म्हणून बंद खोली मोठी आणि हवेला जागा कमी. आपल्याकडे सगळं उलटं आहे. ससा थंडी बऱ्यापैकी काढतो, अंगावर फर आहे त्याच्या, कोरडी जागा आणि पेंढा मिळाला की कराडच्या डिसेंबरचं त्याला काही वाटत नाही. ऊन मात्र नाही सोसत. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायला मुख्य म्हणजे कान, आणि जोरजोरात श्वास. १५ ते २० अंशाला तो मजेत असतो, ३० च्या पुढे त्रास सुरू होतो, ३५ च्या पुढे जीवावर बेतू शकतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो हे वेगळं सांगायला नको.

म्हणून जागा आधी ठरवा, पिंजरा नंतर. अंगणात आंबा, चिक्कू, कडुनिंब असलं काही झाड असेल तर अर्धं काम तिथेच झालं. फक्त नारळाखाली ठेवू नका, कारण सांगायला नको. झाड नसेल तर घराच्या भिंतीची सावली बघा, पण दुपारी १२ ते ५ मधली बघा, सकाळची नको. बरेच जण सकाळी ९ वाजता अंगणात उभं राहून म्हणतात इथे मस्त सावली आहे, आणि दुपारी ३ ला तीच जागा रणरणत असते. एक दिवस दर तासाला खडूने सावलीची रेघ मारा, मुलीला सांगा, ती आवडीने करेल.

दिशेचं एक सोपं आहे. पिंजऱ्याची पाठ, म्हणजे पूर्ण बंद बाजू, पश्चिमेला किंवा नैऋत्येला करायची आणि तोंड पूर्वेला नाहीतर उत्तरेला. दुपारनंतरचं कडक ऊन पश्चिमेकडून येतं आणि जून ते सप्टेंबर पावसाची झड पण त्याच बाजूने येते, त्यामुळे एकच भिंत दोन्ही कामं करते. वळवाचा भरवसा नाही, तो कुठूनही मारतो, त्यासाठी पुढच्या बाजूला गुंडाळून वर बांधता येईल असा ताडपत्रीचा पडदा ठेवायचा. पडदा कायम सोडून ठेवू नका, आत हवा कोंडते.

आता छप्पर. सुताराने सांगितलेला नुसता पत्रा चालणार नाही, म्हणजे पत्रा चालेल, एकटा चालणार नाही. उन्हातल्या पत्र्याला खालून हात लावून बघा, तीच धग सशाच्या पाठीवर. मी काय करतो, आधी पिंजऱ्याला स्वतःचं छत देतो, १२ एमएम प्लाय नाहीतर बांबूचा तट्ट्या, त्याच्यावर चार-सहा इंच मोकळी जागा सोडतो आणि मग वर पत्रा. मधल्या फटीतून वारा खेळतो आणि पत्र्याची गरमी तिथेच निघून जाते. ही फट दोन्ही टोकांना उघडी पाहिजे, काही सुतार दिसायला बरं दिसावं म्हणून फळी मारून बंद करतात, मग सगळंच वाया. (फटीत पक्षी घरटं करतात म्हणून जाळीचा तुकडा मारला तरी चालेल, फळी नको.) जुनी मंगळुरी कौलं कुठे मिळत असतील तर पत्र्यापेक्षा कधीही चांगली, फक्त वजन जास्त म्हणून वाशे जाड लागतात. पत्राच असेल तर उन्हाळ्याच्या आधी वरून पांढरा चुना मारा, नाहीतर पेंढा, उसाचं पाचट, झावळ्या काय मिळेल ते दोरीने बांधून टाका. तुमच्या भागात पाचटाला काय कमी!

उतार पाठीकडे द्यायचा, म्हणजे पुढून उंच, मागून बुटकं, सगळ्या पागोळ्या मागे पडतात आणि दरवाज्यासमोर चिखल होत नाही. छप्पर चारी बाजूंनी बाहेर आलेलं पाहिजे, पुढे आणि पश्चिमेला दीड फूट तरी, बाकी एक फूट. पत्र्याचा खर्च थोडा वाढतो, पण इथे वाचवलेले पैसे पावसाळ्यात पेंढा रोज बदलण्यात जातात.

मापाबद्दल. ४ बाय २ दोन सशांना कमी आहे, स्पष्टच सांगतो. दुकानात मुठीत मावणारा पांढरा ससा वर्षभरात दोन-तीन किलोचा सहज होतो, ताणून झोपला की दीड-दोन फूट लांब. त्याला सलग तीन उड्या मारता आल्या पाहिजेत आणि मागच्या पायांवर कान ताठ करून उभं राहता आलं पाहिजे. त्यामुळे झोपायचा पिंजरा ६ फूट लांब, अडीच फूट खोल, पुढून अडीच फूट उंच, ह्याच्याखाली मी येत नाही, आणि त्याला जोडून दिवसा पळायला जाळीचं कुंपण. इंग्लंडमध्ये सशांसाठी काम करणारी संस्था तर जोडीला मिळून ३ मीटर बाय २ मीटर जागा आणि १ मीटर उंची सांगते. आपल्याला तेवढी जमली तर उत्तम, नाही जमली तर निदान रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना अंगणात सोडणारं माणूस घरात पाहिजे. तुमच्याकडे कोण घरी असतं ते तुम्ही लिहिलं नाहीये, ह्यावर बरंच अवलंबून आहे. पिंजऱ्याची खोली अडीच फुटांपेक्षा जास्त नको, कारण मागच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचला पाहिजे. नाही पोचला तर तो कोपरा साफ होत नाही, आणि ससा नेमका तोच कोपरा धरतो.

अजून एक व्यवहाराची गोष्ट, प्लायची शीट ८ बाय ४ ची येते आणि वेल्डमेश जाळीचा रोल साधारण ३ नाहीतर ४ फूट पन्ह्याचा. ही मापं डोक्यात ठेवून पिंजरा आखला तर तुकडे वाया जात नाहीत. सुताराला माप सांगायच्या आधी दुकानात कुठला पन्हा आहे ते विचारा.

तळ हा सगळ्यात वादाचा विषय. जे लोक विक्रीसाठी ससे पाळतात त्यांच्याकडे तळाला जाळी असते, लेंड्या आणि लघवी खाली पडते, मजुरी वाचते. तुमचे ससे घरचे आहेत, वर्षानुवर्षं राहणार. कुत्र्या-मांजराच्या पंजाखाली गादी असते तशी सशाच्या पायाखाली नसते, नुसते केस असतात, त्यामुळे सतत जाळीवर बसून टाचांचे केस जातात, कातडी लाल होते, मग जखमा, आणि त्या बऱ्या करताना नाकी नऊ येतात. म्हणून तळ सपाट आणि सलग पाहिजे. उघडा प्लाय टाकला तर लघवी मुरून वर्षभरात फुगतो आणि वास जन्मात जात नाही.

मला आपल्याकडे सगळ्यात पटलेला तळ म्हणजे कडप्पा. नाहीतर शहाबादी फरशी. फ्रेममध्ये खालून दोन आडव्या अँगल द्यायच्या, वर कडप्प्याचे दोन-तीन तुकडे बसवायचे, पुढच्या बाजूला जरासा ढाळ, ६ फुटांच्या पिंजऱ्याला अडीच फूट खोलीत पाऊण-एक इंच बास, आणि पुढे अर्ध्या पीव्हीसी पाइपची पन्हळ. सकाळी झाडून पाण्याचा एक तांब्या ओतला की स्वच्छ. उन्हाळ्यात फरशी गार राहते, ससे पोट टेकून पसरतात. थंडीत-पावसात वर चार बोटं पेंढा नाहीतर सुकं गवत. एकच सांभाळायचं, सशाच्या लघवीत कॅल्शियम भरपूर, तिचा पांढरा चुन्यासारखा थर बसतो, आणि नेटवर सगळे सांगतात व्हिनेगर टाका. प्लॅस्टिकच्या ट्रेला व्हिनेगर टाका बिनधास्त, पण कडप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड, त्यांना आम्ल लागलं की दगडच खडबडीत होतो आणि मग घाण जास्त धरतो. फरशीला पाणी आणि ताठ ब्रश, बाथरूमचं अ‍ॅसिड तर अजिबात नको. वजनाचा प्रश्न आहे, हे खरं. कडप्पा टाकला की पिंजरा हलवता येत नाही, भाड्याचं घर असेल तर प्लायवर पत्र्याचा ट्रे करून घ्या.

जाळी. कोंबड्यांची षटकोनी जाळी घेऊ नका, ती कोंबडी आत ठेवायला आहे, कुत्रं बाहेर ठेवायला नाही. गावातली दोन कुत्री रात्री एकदा मागे लागली की ती जाळी दातांनी फाडतात. वेल्डमेश घ्या, अर्धा इंच बाय अर्धा इंच किंवा अर्धा बाय एक, तार जाड, १६ गेज मिळाली तर तीच (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, दुकानदार उलटं समजावतो कधीकधी). एक इंची चौकोनातून मांजराचा पंजा आत जातो आणि उंदीर तर आख्खा जातो.

जाळी कशी ठोकायची ह्याकडे कुणी बघत नाही आणि पिंजरा तिथेच फुटतो. जाळी फ्रेमच्या आतून लावायची, म्हणजे सशाला लाकडाची कड कुरतडायला मिळत नाही. पण आतून लावली की बाहेरून पंजा मारणारं जनावर तिला आत ढकलतं, आणि नुसते यू खिळे किंवा स्टेपल असतील तर ते एकेक करून उपटून येतात. म्हणून जाळीवर एक इंची लाकडी रीप ठेवून ती दर सहा इंचाला स्क्रूने आवळायची, नाहीतर रुंद वायसर घालून स्क्रू. रीप पण ते कुरतडणारच, पण ती बदलता येते, फ्रेम नाही. लोखंडी फ्रेम असेल तर जाळी वेल्ड करून घ्या आणि कापलेल्या तारांची टोकं ग्राइंडरने मारून घ्या. हे काम झाल्यावर स्वतःचा हात सगळीकडून फिरवा, जिथे तुम्हाला टोचेल तिथे सशाचा डोळा जाईल.

दरवाजा पुढून मोठा पाहिजे, जवळजवळ निम्मी पुढची बाजू उघडेल असा. बिजागऱ्या तीन, आणि कडी-कोयंडा लावून त्यात वर हूक अडकवा. ती फिरवायची लाकडी पट्टी असते ना, खिळ्यावर गरगर फिरणारी, ती नको, हुशार कुत्रं नाकाने फिरवतं. पिंजऱ्याचा एक-तृतीयांश भाग तिन्ही बाजूंनी बंद, अंधारा ठेवा. ह्याचं कारण फक्त पाऊस नाही. कुत्रं आत नाही शिरलं तरी बाहेरून घिरट्या घालून भुंकलं की ससा घाबरून आपटतो, आणि त्याच्या मागच्या पायांत एवढा जोर आणि हाडं एवढी हलकी की स्वतःच्याच झटक्याने पाठीचा कणा मोडल्याची उदाहरणं आहेत. लपायला जागा असली की तो तिथे जाऊन गप्प बसतो.

पाय अडीच-तीन फूट उंच ठेवा, पाठीला आणि कंबरेला तुम्हालाच बरं. पाय थेट मातीत नकोत, वाळवी लागते, विटेवर नाहीतर सिमेंटच्या गट्टूवर. मुंग्यांचा त्रास असेल तर पायांखाली पाण्याच्या वाट्या, आणि त्यातलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं नाहीतर डासांची पैदास आपणच करतो. पिंजऱ्याखाली लाकडं, विटा, पोती रचू नका. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतो, उंदराच्या मागे धामण-नाग येतात, हा क्रम गावाकडच्या कुणालाही माहीत आहे, पण खालची जागा मोकळी दिसली की तिथे काहीतरी ठेवायचा मोह आवरत नाही. खाद्य पत्र्याच्या डब्यात, घट्ट झाकण लावून.

पळायचं कुंपण जमिनीवर असेल तर लक्षात ठेवा, हे ससे बिळं करणारे आहेत. जाळी नुसती उभी रोवून भागत नाही, आतल्या बाजूला तळाशी दीड-दोन फूट आडवी वळवून त्यावर माती टाकायची, म्हणजे कडेला खणायला लागले की पंज्याला जाळी लागते. बाहेरून घूस आणि कुत्रं उकरतं म्हणून बाहेरच्या बाजूला पण तसंच. वरून पण बंद करा, घार आणि कावळे दोन्ही आहेत तुमच्याकडे. हिरवं शेडनेट सावलीला चांगलं, पण मांजर ते नखांनी फाडतं, त्यामुळे जाळी खाली आणि शेडनेट वर.

पावसाळ्यात ओल आणि घाण ह्या दोन गोष्टी सांभाळा. लघवीचा अमोनिया कोंडला की सशांना शिंका, नाक गळणं सुरू होतं. परीक्षा साधी आहे, सकाळी साफ करायच्या आधी डोकं पिंजऱ्यात सशाच्या उंचीला घाला, डोळ्यांना झोंबलं तर हवा कमी आहे. मागच्या भिंतीत वर, छताखाली, चार इंच रुंद फट जाळी लावून ठेवली तर हा प्रश्न बहुतेक सुटतो. दुसरं म्हणजे माश्या. सशाचा मागचा भाग ओला-घाण राहिला तर माशी तिथे अंडी घालते आणि एका दिवसात आळ्या पडतात, त्या जिवंत मांस खातात. जुलै-ऑगस्टमध्ये रोज उचलून शेपटीखाली बघायचं, ह्याला पर्याय नाही. आळ्या दिसल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

उन्हाळ्यात दुपारी पडद्यावर ओलं बारदान, पाण्याचं जड मातीचं भांडं सावलीत (बाटली लावली तर पाणी गरम होतं आणि ते पीत नाहीत), आणि बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत. ससा तोंड उघडून धापा टाकतोय, नाक ओलं, मान मागे, असं दिसलं तर आधी सावलीत आणा, कान साध्या पाण्याने ओले करा आणि डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही. आणि ज्या दिवशी फारच तापलंय त्या दिवशी सरळ घरात आणा, पिंजरा कितीही चांगला असला तरी.

तुम्ही न विचारलेलं एक. दोघे नर का माद्या, हे खात्रीने बघितलंय का? दुकानदाराने दोन्ही माद्या सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नका, लहानपणी ओळखणं अवघड असतं आणि चार महिने म्हणजे वयात यायला लागले. मादी ३०-३१ दिवसांत विते, आणि व्याल्यावर लगेच परत गाभण राहू शकते. म्हणून पिंजऱ्याच्या मधोमध खाच ठेवून घ्या, जाळीचं पार्टिशन वरून सरकवता येईल असं. दोन नर निघाले तरी भांडणासाठी तेच पार्टिशन लागतं. नसबंदीचं ऑपरेशन न केलेली जोडी एकत्र ठेवायची नाही, ऑपरेशनसाठी सशांचा अनुभव असलेला डॉक्टर आधी शोधा.

आता लाकूड. पैसे असतील तर सागाच्या चौकटीचं जुनं लाकूड, पाडलेल्या घरांचं मिळतं, कापून घ्या. फक्त जुना ऑइलपेंट पूर्ण तासून काढायचा, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ससा कुरतडणारच. मधलं म्हणजे पॅकिंगच्या पाइनवुडच्या फळ्या, त्यावर शिक्का बघा, एचटी म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं, ते घ्या, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड (कीड मारायचा विषारी वायू) मारलेलं, ते नको. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पहिल्या पावसात फुगतात. वाळवीचं औषध आतल्या बाजूला लावायचं नाही. मी स्वतः तुमच्या जागी फ्रेम लोखंडी करीन, एक इंची स्क्वेअर पाइप, दोन हात रेड ऑक्साइड, वर रंग, आणि लाकूड फक्त मागच्या भिंतीला आणि बंद खोलीला. चिपळूणकडे विचारलं असतं तर उलटं सांगितलं असतं, तिथल्या दमट हवेत लोखंड गंजतं, तिथे लाकूड आणि कौल बरं. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला तर मी सांगतो की मार्च ते जून ससे बाहेर ठेवायचा विचारच सोडा.

सुताराने अजून कापायला घेतलं नसेल तर त्याला थांबवा आणि माप ६ बाय अडीच सांगा. आणि मला अंगणाचा एक फोटो टाका, दुपारी ३ वाजता काढलेला, पश्चिम कुठे ते बोटाने दाखवून, आणि कुंपणाची भिंत किती उंच आहे ते लिहा. मग पायांची उंची आणि छपराचा उतार नेमका किती द्यायचा ते सांगता येईल.